सही करण्याआधी वाचणारी एक तरी घरात हवी



जून-जुलै आला की आपल्या घराघरांत एकच प्रश्न फिरतो. मुलगी बी.कॉम. झाली, आता पुढे काय? उत्तरेही ठरलेली असतात. बी.एड. करू द्या, शाळेत लागेल, दुपारी घरी येईल. सी.एस.चा फॉर्म भरा. बँकेच्या परीक्षा द्या. टॅलीचा क्लास लावा, वडिलांच्या दुकानात बसेल. आणि यातले काही जमत नसेल तर सरळच, "स्थळं पाहाले लागा." या यादीत वकिलीचे नाव कोणी घेत नाही. एखाद्या मुलीने स्वतःहून काढले तर बैठकीतल्या सगळ्या जणी तिच्याकडे अशा पाहतात, जसा काही तिने चातुर्मासात कांदा मागितला.

मी या यादीच्या विरोधात लिहिते आहे. माझे म्हणणे सरळ आहे. पदवी झालेल्या आपल्या मुलींनी, आणि पदवी ट्रंकेत ठेवून बसलेल्या सुनांनीही, तीन वर्षांच्या एलएल.बी.चा विचार सगळ्यात आधी करावा, आणि करायचा तर तो मन लावून करावा. आपल्या समाजाला डॉक्टर आहेत, सी.ए. तर गल्लोगल्ली आहेत. पण घरातले कागद वाचून "थांबा, यावर सही करू नका" असे सांगणारी बाई आपल्याकडे नाही. तिच्यावाचून आपले किती नुकसान होते ते आपण मोजलेलेच नाही.

पहिला अडसर म्हणजे ती म्हण. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आपल्या सासवांनी ती आपल्याला सांगितली, आपण सुनांना सांगतो. म्हण वाईट नाही. भांडण टाळावे, हे तर आपला धर्मच सांगतो. पण कायदा कोर्टाच्या पायरीपासून सुरू होतो असे कोणी सांगितले? तो आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर सुरू होतो, जिथे हात पुसून आपण सही करतो.

कोणकोणत्या कागदांवर आपल्या सह्या आहेत, आठवून पाहा. आपली बहुतेक घरे व्यापारी. किराणा, कापड, आडत, आमच्या काटोलकडे संत्र्याचा व्यापार. आयकराच्या सोयीसाठी फर्ममध्ये बायकोचे, सुनेचे नाव भागीदार म्हणून घातलेले असते. तिला दुकानाच्या गल्ल्यात किती पडले हे ठाऊक नसते. पण भारतीय भागीदारी कायदा, १९३२ चे कलम २५ असे सांगते की फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसोबत आणि एकटाही जबाबदार असतो. नाव कागदापुरते होते, हे तिथे चालत नाही. बँकेच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली असेल तर करार कायद्याचे कलम १२८ पाहा. कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची, करारात वेगळे लिहिले नसेल तर. दुकान बुडाले तर वसुली तिच्या नावच्या घरावर, तिच्या ठेवीवर येऊ शकते. बी.कॉम.ला आपण सगळ्यांनी व्यापारी कायदा नावाचा पेपर दिला आहे. ही कलमे त्यात होती. पास होण्यापुरती वाचली आणि लग्नानंतर त्यांच्याच खाली सही केली.

दुसरा कागद हक्कसोडीचा. वडील गेले की भाऊ प्रेमाने बोलावतो, साडी-चोळी करतो आणि नोंदणी कार्यालयात नेतो. बहीण वाचत नाही, कारण वाचायला मागणे म्हणजे भावावर अविश्वास. मी भावाला वाईट म्हणत नाही. हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडावा, त्याग हा आपल्याकडे मोठा धर्म आहे. पण जे आपले आहे हेच माहीत नाही, ते सोडले याला त्याग म्हणत नाहीत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशाचा कायदा बदलला आणि विवाहित-अविवाहित हा फरक गेला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये जैनांचे नाव लिहून ठेवलेले आहे, म्हणजे हे सगळे आपल्यालाही लागू आहे. एकत्र कुटुंबाची एच.यू.एफ. फाइल आपल्याकडे घरोघरी असते. तिची कर्ता थोरली मुलगी होऊ शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये सांगितले. आपल्यातल्या किती जणींना हे ठाऊक आहे?

तिसरा कागद नॉमिनीचा. "यांनी सगळीकडे माझंच नाव टाकलं आहे," असे सांगून आपण निर्धास्त असतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितले. नॉमिनी रक्कम हातात घेतो, ती कोणाची हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. मृत्युपत्र तर आपल्याकडे अशुभ. संथाऱ्यावर, समाधीमरणावर आपण दोन-दोन तास प्रवचन ऐकतो, आणि दोन पानांच्या मृत्युपत्राचा विषय निघाला की म्हणतो, अभद्र बोलू नका.

म्हणजे कोर्टाची पायरी न चढताही कायदा आपल्या घरी येऊन बसलेला आहे. जो घरात बसला आहे त्याच्याशी ओळख नको म्हणणे, हा कुठला शहाणपणा?

दुसरा अडसर धर्माचा, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. महिला मंडळात हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतेच, "वकिली म्हणजे खोटं बोलण्याचा धंदा. सत्य अणुव्रताचं काय?" प्रश्न योग्य आहे. म्हणून उत्तर शास्त्रातूनच देते.

दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सातवा अध्याय व्रतांचा. त्यात उमास्वामींनी सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. आपण सुरात म्हणतो आणि पान उलटतो. आता त्यांचे अर्थ वकिलाच्या खुर्चीत बसून वाचा. मिथ्योपदेश म्हणजे चुकीचा सल्ला देऊन माणसाला भलत्या वाटेला लावणे. रहोभ्याख्यान म्हणजे नवरा-बायकोमधली खाजगी गोष्ट बाहेर फोडणे. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा दस्तऐवज करणे. न्यासापहार म्हणजे ठेव गिळणे, आणि टीकाकारांनी त्याचे उदाहरण फार बारीक दिले आहे. ठेव ठेवणारा आकडा विसरला आणि कमी मागू लागला, तेव्हा "हो, तेवढेच होते" म्हणणे हाही न्यासापहार. साकारमंत्रभेद म्हणजे दुसऱ्याच्या हावभावावरून त्याच्या मनातले गुपित ओळखून ते उघड करणे.

सांगा, ही वकिलाची आचारसंहिता नाही तर काय आहे? आजचा कायदाही हेच म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३२ सांगते की पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकील त्याच्या परवानगीशिवाय उघड करू शकत नाही. बेकायदा कामासाठी सांगितलेल्या गोष्टीला मात्र हे संरक्षण नाही. बार कौन्सिलच्या नियमांत लिहिले आहे की आपला पक्षकार गैरमार्गाला लागत असेल तर वकिलाने त्याला आवरण्याचा प्रयत्न करावा. जी मुलगी लहानपणापासून हे पाच अतिचार टाळण्याचे पाठ करते, ती या धंद्यात सगळ्यात आधी हवी. खोटे वकील असतात म्हणून आपल्या मुलींनी वकील होऊ नये, हे म्हणणे भेसळ करणारे दुकानदार असतात म्हणून आपण दुकानच काढू नये, असे म्हणण्यासारखे आहे. दुकाने तर आपण पिढ्यानपिढ्या चालवतो आहोत.

आणि अनेकांत? प्रत्येक गोष्टीला अनेक बाजू असतात, एकच बाजू धरून बसू नये, हे आपण मुलांना पाठशाळेत शिकवतो. न्यायाधीश दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देत नाही, हा न्यायाचा पहिला नियम. आपल्या घरातला विचार बाहेरच्या जगात सगळ्यात जवळ कुठे भेटत असेल तर तो तिथे.

एकीने मला विचारले होते, "कत्तलखान्याचा खटला आला तर?" बार कौन्सिलचा नियम असा की योग्य फी मिळत असेल तर वकिलाने काम नाकारू नये, पण विशेष कारण असल्यास नाकारता येते. शिवाय कोणत्या विषयाची वकिली करायची हे आपल्या हाती असते. मृत्युपत्र, भागीदारी, कर, ट्रस्ट, घराचे व्यवहार, यात आयुष्य जाईल एवढे काम आहे.

आता समाजाचे बघू. आपण कोर्टापासून लांब राहणारे लोक आहोत, हा आपला समज खोटा आहे. आपल्याच विदर्भात, वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचा दोन संप्रदायांतला वाद १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. १९८१ पासून मंदिराला कुलूप होते, ते २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. कोणाची बाजू खरी हे मी इथे लिहिणार नाही. एवढेच म्हणते की ज्या समाजाचे देव इतकी वर्षे कोर्टाच्या तारखांवर होते, त्याने मुलीला कोर्टाच्या पायरीची भीती घालू नये.

१० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्येसारखाच गुन्हा ठरवला. ही प्रथा धर्माचा आवश्यक भाग आहे हे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आपण गावोगावी मूक मोर्चे काढले, दुकाने बंद ठेवली. ते ठीकच. पण न्यायालयात मौन चालत नाही. तिथे शास्त्र उघडून, त्यातला शब्द न् शब्द कायद्याच्या भाषेत मांडणारा माणूस लागतो. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये डोंगरगडला आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांची समाधी झाली, आपल्यातल्या कितीतरी जणी दर्शनाला गेल्या असतील. त्या सल्लेखनेला गुन्हा म्हणायला कोणी धजावले नाही, यामागे ती स्थगितीही आहे, हे विसरू नका.

अगदी अलीकडचे उदाहरण इंदूरचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या कुटुंब न्यायालयाने म्हटले की जैनांना २०१४ मध्ये अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तेव्हा हिंदू विवाह कायद्याखाली त्यांची याचिका ऐकता येणार नाही. पुढच्याच महिन्यात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण कायद्यात जैनांचे नाव स्पष्ट आहे आणि अल्पसंख्याक दर्जाने ते पुसले जात नाही. पण मधल्या काळात ज्या बाईची याचिका फेटाळली गेली, तिने कोणाला विचारायचे? पुरुष वकिलासमोर नवऱ्याच्या घरातल्या गोष्टी सांगायच्या, तेही बहुधा भाऊ किंवा वडील शेजारी बसलेले असताना. मग ती अर्धेच सांगते, आणि अर्ध्याच गोष्टीवर खटला उभा राहतो.

हे दुखणे जुने आहे. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाल्या आणि मग ऑक्सफर्डला कायदा शिकल्या. १८९२ मध्ये परीक्षा दिली, पण स्त्री म्हणून पदवी तेव्हा मिळाली नाही. परत येऊन मुंबई विद्यापीठाची एलएल.बी.ची परीक्षाही दिली, तरी वकिलीची वाट बंदच. पुढे बंगालमध्ये त्या अशा बायकांसाठी काम करत होत्या ज्यांच्या नावावर जमीनजुमला होता, पण पडद्यामुळे पुरुष वकिलाशी बोलताही येत नव्हते. बायकांना वकिली करायला देशभर मोकळीक देणारा कायदा १९२३ मध्ये आला. शंभर वर्षे उलटून गेली. आपल्या घरांत पडदा नाही. पण वकिलाशी बोलणारा माणूस आजही घरातला पुरुषच.

इथे मला आणखी एका गैरसमजाला हात घालायचा आहे. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम हाच खरा, पदवीनंतरचा तीन वर्षांचा म्हणजे ज्यांना दुसरे काही जमले नाही त्यांच्यासाठी, असे बोलले जाते. क्लासवाले बोलतात, आणि शहरातल्या नातेवाइकांचे ऐकून आपणही बोलतो. तर ऐका. सोराबजींचे वर सांगितलेच. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला मिठन टाटा, पुढे लाम, यांनी आधी अर्थशास्त्र केले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची १९१२ ची बी.ए. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राची, बॅरिस्टरी त्यानंतरची. नागपूरच्या विद्यापीठाचे कायद्याचे महाविद्यालय त्यांच्याच नावाने आहे. आपल्या अमरावतीचे भूषण गवई मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, त्यांनी आधी वाणिज्य शाखा केली, मग कायदा. आणि आपल्या समाजाचे वीरचंद राघवजी गांधी, जे १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्मावर बोलले, तेही १८८४ मध्ये आधी बी.ए. झाले आणि कायद्याचा अभ्यास पुढे केला. शिखरजीच्या पायथ्याशी डुकरांच्या चरबीचा कारखाना उभा राहिला तेव्हा त्या खटल्यासाठी ते कलकत्त्याला जाऊन राहिले आणि जुने कागद वाचता यावेत म्हणून बंगाली शिकले. खटला जिंकला, पवित्र डोंगर वाचला. आपण शिखरजीची वंदना करतो तेव्हा त्यांची आठवण किती जणी काढतो?

उलट मी म्हणते, पदवीनंतर कायद्याला जाणारी मुलगी रिकाम्या हाताने जात नाही. बी.कॉम. झालेलीला ताळेबंद वाचता येतो. बी.एस्सी. झालेली औषधांचा, पेटंटचा खटला समजू शकते. आमच्या काटोलच्या संत्रा व्यापाऱ्याच्या मुलीला झाडावरच्या मालाचा सौदा कसा होतो, बयाणा कधी देतात, गारपीट झाली की बागवाला आणि व्यापारी कशावरून भांडतात, हे लहानपणापासून कानावर पडून माहीत असते. करार कायदा वाचताना तिला उदाहरणे शोधावी लागत नाहीत. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी आपल्याला काय हवे हेही बारावीपेक्षा जास्त कळते.

आता कामाची माहिती. महाराष्ट्रात या अभ्यासक्रमासाठी राज्याच्या सी.ई.टी. कक्षाची प्रवेश परीक्षा असते. कोणत्याही शाखेची पदवी चालते, खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना त्याहून कमी. परीक्षा दोन तासांची, पर्याय निवडण्याची, इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कायद्याची आवड तपासणारे प्रश्न, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी एवढेच विषय. वयाची अट नाही, हे सुनांनी आणि त्यांच्या सासवांनी अधोरेखित करावे. अभ्यासक्रमाची सहा सत्रे असतात. त्यानंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. खुल्या वर्गासाठी नोंदणीचे शुल्क ७५० रुपयांहून जास्त घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला सांगितले आहे. मग अखिल भारतीय बार परीक्षा, ती पास झाली की वकिली.

लंडन-लेस्टरला ज्यांची मुले आहेत त्यांच्याकडून ऐकू येते की तिकडे दुसऱ्या विषयाचे पदवीधर एका वर्षात कायद्याकडे वळतात. खरे आहे. पण तिकडच्या एका वर्षाच्या पदविकेवर इथली सनद मिळत नाही. इथे राहायचे आणि वकिली करायची तर तीन वर्षे द्यावीच लागतात.

आणि इथेच मला आपल्याच बायकांशी भांडायचे आहे. काही घरांत मुलगी एलएल.बी. करते, पण कशी? कॉलेजात नाव घालून. बायोडाटावर एक ओळ वाढावी, पत्रिकेत नावाआधी "ॲड." छापता यावे म्हणून. हजेरीची सोय कुठे होते याची चौकशी आधी, ग्रंथालय कसे आहे याची नंतर. बार कौन्सिलच्या नियमात ७० टक्के हजेरी सांगितली आहे. पत्राने किंवा घरबसल्या केलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही. न जाता हजेरी लावणे म्हणजे वर सांगितलेली कूटलेखक्रियाच, आणि ती आपण मुलीकडून वकिलीच्या पहिल्याच दिवशी करवून घेतो. असा वकील घरात असण्यापेक्षा नसलेला बरा. कॉलेज निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. वर्ग रोज भरतात का, अभिरूप न्यायालय खरोखर होते का, आणि मुलींना कोर्टात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात प्रत्यक्ष कामावर पाठवतात का. इमारत आणि जाहिरात पाहू नये.

काटोलहून नागपूर साठेक किलोमीटर. रेल्वे आहे, एस.टी. आहे. नोकरीसाठी, क्लाससाठी आपली मुले रोज जातात. मुलीच्या कॉलेजसाठी मात्र ते अंतर अचानक वाढते.

"तीन वर्षांत वय निघून जाते," हे सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य. तीन वर्षे तशीही जाणार. स्थळ पाहण्यात जातील, नाहीतर शिकण्यात जातील, आणि दोन्ही एकाच वेळी करायला कोणी अडवलेले नाही. ज्या घराला शिकलेली सून नको, ते घर तीन वर्षे आधी कळले तर बरेच.

पैशांविषयी खोटी आशा मी दाखवणार नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काढावी लागतात आणि हातात फारसे काही पडत नाही. पदवी घेतली की लगेच न्यायाधीशाची परीक्षा, हाही मार्ग आता सरळ नाही. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. म्हणजे तीन अधिक तीन, सहा वर्षांची तयारी. मुलगा नवे दुकान टाकतो तेव्हा पहिली काही वर्षे घर त्याला सांभाळते, तोटा भरून काढते, आणि त्याला आपण भांडवल म्हणतो. मुलीच्या सहा वर्षांना तोच शब्द लावा.

वकिली करायचीच असेही नाही. घरात राहून भागीदारीचा करार वाचणारी, मृत्युपत्राचा मसुदा तपासणारी, मंदिराच्या ट्रस्टची घटना उघडून "ही नेमणूक या नियमात बसत नाही" असे सांगणारी बाईही समाजाच्या उपयोगाची आहे. आपली मंदिरे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असतात. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज जावा लागतो. हिशेब तपासले जावे लागतात. विश्वस्तांच्या यादीत बायका किती? अभिषेकाची तयारी आपण करायची, चौक्याचा स्वयंपाक आपण करायचा, आणि ठरावाच्या वहीवर सही दुसऱ्यांनी करायची, हे किती दिवस?

म्हणून विनंती करते. येत्या दशलक्षणात सातवा अध्याय वाचाल त्या दिवशी महिला मंडळात अर्धा तास यावर बोला. गावात पदवी झालेल्या मुली आणि सुना किती आहेत, त्यांची यादी करा. त्यातल्या एकीला तरी पुढच्या सी.ई.टी.चा अर्ज भरायला लावा, आणि तिच्या घरचे नाही म्हणत असतील तर चार जणी मिळून त्यांच्या घरी जा. आहारदानासाठी, औषधदानासाठी आपण वर्गणी काढतो. चार दानांत ज्ञानदानही आहे. एका मुलीची कॉलेजची फी हे मंडळाला जड नाही.

तोवर एक काम आजच करा. कपाटातली फाइल काढा. ज्या ज्या कागदावर तुमची सही आहे तो चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. कळले नाही तर विचारा. कोणी रागावले तर रागावू द्या.

जय जिनेंद्र.